नव्या रथाचा पहिला साज

माझा पुतण्या अमेरिकेंतील सॅन डिएगो शहरीं नोकरीस आहे. गेल्या दसऱ्यास त्याच्या दारीं एक नवें वाहन आलें. सूनबाईंनीं चाकांवर पाणी घातलें, हळदकुंकू वाहिलें, पुढच्या जाळीस झेंडूचें तोरण बांधलें, आणि त्या प्रसंगाचें छायाचित्र पुण्यास आमच्या घरीं आलें. घरांतील मुलांनीं तें पाहून एकच गिल्ला केला. वडील माणसांनीं मात्र 'एवढें धूड तिघांच्या संसारास कशाला?' असा प्रश्न केला. पुढें कार्तिकांत मला व माझ्या वहिनींस, म्हणजे त्याच्या आईस, तिकडे जाण्याचा योग आला, आणि त्या प्रश्नाचा निकाल लावण्याचें काम माझ्याच अंगावर पडलें. अलीकडे कितीतरी कुटुंबांतील मुलें परदेशीं असतात, व त्यांतील कित्येकांस असल्या गाड्यांची हौस असते. म्हणून तेथें जें पाहिलें व पुढें चौकशी करून जें समजून घेतलें, तें येथें लिहीत आहें.

गाडी फोर्ड कंपनीची, एफ-१५० रॅप्टर नांवाची. पुढें पांच माणसांची बैठक आणि मागें साडेपांच फुटांचा उघडा हौदा, अशा घडणीच्या गाडीस तिकडे पिकप म्हणतात, व तें शेतकरी, सुतार, गवंडी यांचें रोजचें वाहन होय. रॅप्टर मात्र ओझें वाहण्यापेक्षां वाळवंटांतून वेगानें धावण्यासाठीं घडविली आहे. ही जात २०१० च्या सुमारास निघाली. २०२१ पासूनच्या तिसऱ्या पिढींत मागच्या चाकांवरील पाट्यांच्या स्प्रिंगा काढून त्या जागीं वेटोळ्यांच्या स्प्रिंगा बसविल्या. इंजिन साडेतीन लिटरचें, सहा सिलिंडरांचें, शक्ति ४५० अश्वांची. पुढचें चाक १४ इंच व मागचें १५ इंच वरखालीं हालूं शकतें, तें कां, हें वाळूच्या उंचवट्यांवरून गेल्यावांचून कळत नाहीं. रुंदी सात फुटांहून अधिक आहे. आणि ८० इंच किंवा त्याहून रुंद वाहनास तिकडील कायद्यानें जास्तीचे पिवळसर दिवे लावावे लागतात, म्हणून हिच्या तोंडावर तीन बारीक दिवे असतात. ते शोभेचे समजून लोक आपल्या अरुंद गाड्यांसहि हौसेनें लावून घेतात, ही एक गंमत.

मी पोंचलों तेव्हां घरांत एक निराळेंच पर्व चाललें होतें. दर सायंकाळीं दारांत पुडकीं येऊन पडत. एकांत पन्नास इंच लांबीची दिव्यांची पट्टी, दुसऱ्यांत धुराड्याची नवी नळी, तिसऱ्यांत हौद्यावरचें आवरण. पुतण्या तीं उघडून लहान मुलासारखा हरखून जाई, आणि सूनबाई पावत्या मुकाट्यानें एका खिळ्यास लावून ठेवीत. एके रात्रीं जेवतांना तो मला म्हणाला, "काका, तुम्ही आयुष्यभर पेपर तपासलेत, माझी ही यादीहि तपासा." मीं ती पाहिली. सोळा वस्तूंची यादी होती. मला त्यांतील निम्म्या कळल्या नाहींत, आणि न कळलेल्या उत्तरास गुण द्यावयाचे नाहींत हा माझा जुना नियम. मी म्हणालों, "आधीं गाडी वाळूंत चालवून दाखव, मग गुण देईन."

त्याप्रमाणें मार्गशीर्षांत एका शनिवारीं आम्ही पांचजण निघालों. पुतण्या, सूनबाई, त्यांची आठ वर्षांची मुलगी, वहिनी आणि मी. सॅन डिएगोहून पूर्वेस अडीच-तीन तासांवर इंपीरियल नांवाचा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा आहे. तो चाळीस मैलांहून लांब असून कांहीं टेकड्या तीनशें फुटांपर्यंत उंच आहेत. वाटेवर एके ठिकाणीं कुंपणांत जपून ठेवलेल्या जुन्या फळ्या दिसल्या. चौकशी करतां समजलें कीं, १९१५ सालीं मोटारी ही वाळू ओलांडूं शकत नसत, म्हणून चाकांच्या अंतरावर लांकडी फळ्यांच्या दोन पट्ट्या टाकून रस्ता केला होता. पुढल्या वर्षीं आठ फूट रुंदीचे तयार तुकडे घोड्यांकडून ओढवून अंथरले, व १९२६ त पक्का रस्ता होईपर्यंत लोक त्यांवरूनच गेले. वारा वाळू आणून टाकी, आणि माणसें ती उपसून फळ्या मोकळ्या करीत. वाळूची सारी विद्या त्या फळ्यांत आहे हें मला त्या दिवशीं सायंकाळपर्यंत कळावयाचें होतें.

दुपार मजेंत गेली. गाडी उंटासारखी डुलत व हरणासारखी पळत होती. वहिनी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या. चारच्या सुमारास एका चढावर पुतण्यानें क्षणभर गाडी थांबविली, पुन्हां चालूं केली, आणि चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं. त्यानें जोर वाढविला तशीं तीं खोल गेलीं. दोन मिनिटांत मागचा आंस वाळूस टेंकला. मार्गशीर्षाच्या दिवसांत तिकडे पावणेपांचास सूर्य मावळतो. फोन मुका झालेला, पाण्याच्या दोनच बाटल्या, आणि वाळू उपसण्यास मुलीचें खेळण्यांतलें फावडें. संस्कृत शिकविण्यांत जन्म गेलेल्या माणसास अशा वेळीं कर्ण आठवणारच. पण त्याला निदान धीर देण्यास मागें बसलेली वहिनी नव्हती.

सुदैवानें एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ आपली गाडी घेऊन त्या बाजूनें आले. पुतण्यानें उत्साहानें एक टोचनपट्टा काढला. दोन्ही टोकांस लोखंडी आंकडे असलेला तो पट्टा त्याला एका दुकानदारानें 'सर्व प्रसंगांस पुरेल' म्हणून दिला होता. त्याचें एक टोंक तो त्या गृहस्थांच्या गाडीमागील, ट्रेलर जोडावयाच्या लोखंडी गोळ्यास अडकविणार, इतक्यांत त्यांनीं त्याचा हात धरला. "हा गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा मागच्या कांचेंतून येईल," असें ते म्हणाले, व गाडींतील मुलीकडे त्यांनीं बोट दाखविलें. तें ऐकून पुतण्याचा चेहरा जो पडला, तो मला अजून दिसतो. असे अपघात खरोखर घडले आहेत व त्यांत माणसें दगावलीं आहेत. ट्रेलरचा गोळा संथ ओढीसाठीं असतो, हिसक्यासाठीं नव्हे.

मग त्यांनीं काय केलें? टोचन केलेंच नाहीं. प्रथम चारी टायरांतील हवा सोडून चौरस इंचास १५ पौंडांवर आणली. नंतर लांब दांड्याच्या फावड्यानें प्रत्येक चाकापुढची वाळू उतरती कापली, आपल्या गाडीवरच्या दोन दांतेरी फळ्या मागच्या चाकांपुढें खुपसल्या, आणि पुतण्यास अगदीं हळू पाय देण्यास सांगितलें. गाडी जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी वर आली. सारें काम वीस मिनिटांचें. पुढें पक्क्या रस्त्याच्या कडेस त्यांनीं आपल्या पंपानें चारी चाकांत हवा भरून दिली, व आमच्याकडून एक चकली खाऊन ते निघून गेले.

घरीं येईपर्यंत सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं खिळ्यास लावलेल्या पावत्यांची बेरीज करून कागद पतीपुढें ठेवला आणि एवढेंच म्हटलें, "इतक्यांत एक फावडें आलें नाहीं. मुलगी पुन्हां या गाडींतून वाळूंत जाणार नाहीं." भांडण नव्हतें, निकाल होता. आतां यादी तपासणें हा माझा विनोद राहिला नाहीं; गाडी घराची राहाते कीं एकट्याची होते, हें तिच्यावर ठरावयाचें होतें.

आम्ही काकापुतण्यांनीं पुढले आठ दिवस त्यावर घालविले. पहिला प्रश्न हवेचा. गणित साधें आहे. गाडीचें वजन सुमारें ६,००० पौंड. टायरांत चौरस इंचास ३५ पौंड दाब असेल, तर तें वजन पेलण्यास सुमारें १७० चौरस इंच जमीन लागते, म्हणजे दर चाकास ४३. दाब १५ वर आणला कीं तेंच क्षेत्र ४०० होतें, दर चाकास १००. टायराच्या भिंतीच्या ताठपणामुळें आंकडे थोडे चुकतील, पण तत्त्व चुकत नाहीं. हवा सोडल्यानें टायर लांबट पसरतो, व गाडी वाळूंत रुतण्याऐवजीं तिच्यावर तरते. जुन्या रस्त्याच्या फळ्याहि हेंच करीत होत्या. परंतु मऊ टायरांवर पक्क्या रस्त्यानें वेगानें गेल्यास ते तापून फाटतात. म्हणजे ज्याच्याजवळ हवा भरण्याचें साधन नाहीं तो ती सोडण्यास धजत नाहीं. पुतण्यानें त्या दिवशीं सोडली नव्हती ती याच कारणानें. म्हणून पहिली खरेदी तीन लहान वस्तूंची ठरली. विश्वासाचा दाबमापक, हवा सोडण्याच्या तोट्या, आणि बॅटरीस चिमट्यांनीं जोडावयाचा पंप. सिगारेटच्या भोंकांत खुपसावयाचे स्वस्त पंप एवढ्या मोठ्या चाकापुढें तापून बंद पडतात. चांगल्या पंपास दर चाकामागें चार-पांच मिनिटें लागतात. त्याच पेटींत पंक्चर बुजविण्याच्या दोऱ्या व टोचा ठेविला. फार खालीं, दहा-बारा पौंडांवर जाऊं नये. वळणावर टायर रिंगवरून निसटतो. तो निसटूं नये म्हणून कडेस पकडणाऱ्या खास रिंगा मिळतात, पण त्या शिकाऊ माणसासाठीं नव्हेत.

दुसरी वस्तु फावडें. त्याबद्दल लिहिण्यासारखें कांहीं नाहीं. दांडा लांब असावा, म्हणजे गाडीखालीं पोंचतो. तिसरी त्या दांतेरी फळ्यांची जोडी. हल्लींच्या प्लॅस्टिकच्या फळ्यांत ऑस्ट्रेलियांत निघालेल्या मॅक्सट्रॅक्सचें नांव झालें आहे. फळीवर चाक गरगर फिरवूं नये, नाहींतर दांते वितळतात.

चौथें साधन दोर, आणि येथें मात्र सावकाश वाचावें ही विनंति. दोर दोन जातींचे असतात. न ताणणारा पट्टा संथ ओढीसाठीं. नायलॉनचा विणलेला, सुमारें ३० टक्क्यांपर्यंत ताणला जाणारा दोर रुतलेली गाडी उचकटण्यासाठीं. तो रबरासारखा शक्ति सांठवून हळूहळू देतो, म्हणून हिसका बसत नाहीं. त्याची तुटण्याची मर्यादा गाडीच्या वजनाच्या दोन ते तीनपट असावी. रॅप्टरएवढ्या गाडीस बहुधा पाऊण इंचाहून थोडा जाड, सात-अष्टमांश इंचाचा दोर घेतात. त्यास लोखंडी आंकडे मुळींच नकोत. अलीकडे अति बळकट तंतूंचे विणलेले मऊ फांस मिळतात. ते तुटले तरी जड वस्तु उडत नाहीं. हे फांस गाडीच्या सांगाड्यास कारखान्यांतूनच जोडलेल्या टोचन-आंकड्यांसच लावावयाचे. दोरावर मध्यभागीं जाडसर पासोडी टाकावी, आणि माणसांनीं, विशेषतः मुलांनीं, दोराच्या लांबीहून दूर उभें राहावें. दुकानदारानें दिलेला आंकड्यांचा पट्टा आम्हीं कापून मगच केरांत टाकला, दुसऱ्या कोणाच्या हातीं लागूं नये म्हणून.

याखेरीज आग विझविण्याचें नळकांडें चालकाच्या हातास लागेल असें, औषधांची पेटी, आणि माणशीं निदान चार लिटर पाणी. निशाणाची एक वेगळी कथा आहे. त्या वाळूच्या टेकड्यांत जाणाऱ्या वाहनावर जमिनीपासून आठ फूट उंच काठी व तिच्या टोंकास सहा इंच बाय बारा इंचांचें तांबडें किंवा नारिंगी निशाण लावावें असा सरकारी नियम आहे. कारण टेकडीपलीकडून येणारी गाडी दिसत नाहीं, निशाण तेवढें दिसतें. आमचें पहिल्या खेपेस भाड्याचें होतें, तें आतां घरचें केलें. पूर्वी रथावरचा ध्वज रथ्याची ओळख देत असे. हा ध्वज केवळ 'मी येथें आहें' एवढेंच सांगतो, आणि तेवढें पुष्कळ आहे.

फोन जेथें मुका होतो तेथें बिनतारी यंत्र उपयोगी पडतें. तिकडे जी.एम.आर.एस. या नांवाच्या लहरींवर बोलण्यास परवाना लागतो. परीक्षा नाहीं, दहा वर्षांचे ३५ डॉलर. या परवान्यांत मला एक गोष्ट फार आवडली. एकानें घेतलेला परवाना त्याच्या पत्नीस, मुलांस, आईबापांस, आजीआजोबांस, भावाबहिणींस, काकामामांस, पुतण्याभाच्यांस व सासुरवाडीच्या मंडळींसहि चालतो. एकत्र कुटुंब मोडल्याची ओरड ज्या देशाच्या नांवानें आपण करतों, त्याच्या सरकारी नियमांत तें असें शाबूत सांपडलें! वहिनींनीं तें यंत्र सर्वांत आधीं शिकून घेतलें.

आतां जें मीं यादींतून खोडलें त्याविषयीं. गाडीच्या दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी असते. माणसें व सामान मिळून किती वजन चालेल तो आंकडा तिच्यावर असतो. जाहिरातींत रॅप्टरचा हा आंकडा १,४०० पौंडांपर्यंत सांगतात. परंतु गाडींत सोयी जितक्या अधिक तितका तो कमी, आणि पुतण्याच्या चिठ्ठीवर १,३०० होता. आम्ही पांचजण मिळून ६५० पौंड. त्याच्या मनांतील लोखंडी बंपर व विंच यांचें जास्तीचें वजन २५०, हौद्यावरची चौकट १५०, तिच्यावरचा तंबू १६०. राहिले ९०. दहा गॅलन पाण्याचें ८३. उरलेल्या सात पौंडांत पंप, दोर, फळ्या, फावडें आणि पांच माणसांचा डबा बसवून दाखव, असें उदाहरण मीं त्यास घातलें. त्यानें बराच वेळ कागदाकडे पाहून पेन्सिल खालीं ठेविली. एवढी दौड करणाऱ्या गाडीस मूळचेंच ओझें कमी पेलतें, हें पिकप नांवामुळें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

विंचबद्दल आणखी एक. तो गाडीच्या एकूण भारित वजनाच्या दीडपट ओढीचा असावा, म्हणजे हिला दहा हजार पौंडांच्या वरचा. पण त्याची तार बांधणार कशास? वाळूंत झाड नसतें. जंगलांत, दगडांत एकट्यानें जाणाऱ्यास तो जरूर हवा. शिवाय पुढच्या जाळीमागें अंतर ओळखणारें रडार असतें, त्याच्या आड लोखंड आलें तर तें आंधळें होतें. पुढची बाजू उंच करण्याच्या चकत्या तर मुळींच घेऊं नयेत; चाकास खालीं जाण्यासाठीं ठेवलेली जागा त्या खातात, आणि ज्या चौदा इंचांसाठीं पैसे मोजले तेच कमी होतात. दिव्यांच्या पट्टीचें म्हणाल तर धुळींत पांढरा प्रकाश उलट डोळ्यांवर येतो, पिवळसर बरा. आणि कॅलिफोर्नियांत असले दिवे सार्वजनिक रस्त्यावर अपारदर्शक आच्छादनानें झांकून ठेवावे लागतात. बाहेरची वस्तु लावली कीं कंपनीची हमी गेली, असें भय कित्येकजण घालतात. तें सरसकट खरें नाहीं. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानें, त्या वस्तूमुळेंच बिघाड झाला हें कंपनीस दाखवावें लागतें. मात्र तारा कापून जोड देण्याचें कारण नाहीं. छताजवळ जास्तीच्या साधनांसाठीं सहा बटणें कारखान्यानेंच दिलेलीं असतात.

आपल्याकडे रॅप्टर मिळत नाहीं. पण इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ पासून व टोयोटाची हायलक्स २०२२ पासून आहे, आणि त्यांचे मालक मला कोंकणांत भेटतात. त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नें नोंदणींतील वर्णनास सोडून गाडींत फेरफार करण्यास बंदी आहे, आणि पुढच्या लोखंडी जाळ्यांविरुद्ध केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांस लिहिलें आहे. पंप, दोर, फावडें यांना कोणाची आडकाठी नाहीं, आणि चिखलास तीं तितकींच लागतात.

फाल्गुनांत आम्ही पुन्हां त्याच टेकड्यांत गेलों. सूनबाई होत्या, मुलगीहि होती. निघण्यापूर्वी मुलीनें यादीचा कागद हातीं घेऊन एकेका वस्तूपुढें खूण केली, बापास दोनदां माघारी पाठविलें, आणि निशाणाची काठी स्वतः बसविली. वाळू लागतांच पुतण्यानें गाडी थांबवून चारी चाकांची हवा उतरविली. दिवसभरांत कोठें रुतलों नाहीं. दुपारीं दुसऱ्या कोणाची रुतलेली गाडी मात्र काढली, तेव्हां पासोडी टाकण्याचें काम माझ्याकडे होतें. दिव्यांची ती पन्नास इंची पट्टी दुकानदार परत घेईना. मी परत निघालों तोंवर ती खोक्यांतच मोटारघराच्या फळीवर होती, आणि तिच्यावर वहिनींनीं लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या मांडल्या होत्या.